कानाचं मशीन: चौदा महिने वापरून झाल्यावर

मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का ते मी खूप शोधलं. डॉक्टरांनी लिहिलेलं मिळालं, जाहिराती तर ढिगानं मिळाल्या. पण चुलीपुढं घामाघूम होणाऱ्या, केसाला तेल लावणाऱ्या, चष्मा असणाऱ्या बाईनं रोज वापरल्यावर काय होतं, ते कुठं सापडलं नाही. तेव्हाच ठरवलं की एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी काढायची आणि मग लिहायचं. एप्रिल 2024 मध्ये घेतलं. आता दुसरा पावसाळा तोंडावर आहे.

मी इचलकरंजीची. वय 62. घराला लागूनच पत्र्याची शेड, त्यात सहा साधे माग. 1984 ला लग्न होऊन आले आणि दुसऱ्या महिन्यापासून कांड्या भरायला, म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायला बसले. माग चालू असताना आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आपटतो. सहा माग एकदम चालले की शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाज 100 वर गेला तर दोनच तास. घरच्या शेडमध्ये हे मोजायला कोण येणार? मी तिथं एकतीस वर्षं बसले. या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली आला. तेव्हापासून किती पिढ्यांचे कान या खडखडाटात गेले असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आमच्याकडं म्हातारी माणसं मोठ्यानं बोलतात ती रागीट म्हणून नव्हे. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

मला कमी ऐकू येतं हे मला 2020 सालापर्यंत कळलंच नव्हतं. घरचे म्हणायचे, पण मला वाटायचं की हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. मग करोना आला, सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि मला कुणाचंच काही कळेना. औषधाच्या दुकानात पोरगा तीनदा सांगत होता आणि मी नुसती त्याच्याकडं बघत होते. त्या दिवशी लक्षात आलं की मी गेली कित्येक वर्षं माणसांचे ओठ वाचत होते. शेडमध्ये आम्ही सगळे असंच बोलायचो, ओठ आणि हात हलवून. ती सवय घरात, बाजारात, लग्नकार्यात माझ्याबरोबर आली होती आणि मी तिलाच ऐकणं समजत होते.

तरी पुढची साडेतीन वर्षं मी काही केलं नाही. केलं ते चुकीचं केलं. आधी मुलानं फोनवरून एक स्वस्तातलं मागवलं. ते सगळ्याचाच आवाज वाढवायचं, पंख्याचाही आणि माणसाचाही. आठवड्यात डबीत गेलं. मग एक जण घरी येऊन मशीन विकून गेला. कानाची तपासणी नाही, काही नाही. कानात बोळा कोंबल्यासारखं आणि सारखी शिट्टी. त्यात आठ हजार गेले. ही चूक कुणी करू नये म्हणून मुद्दाम आकडा लिहिला.

शेवटी कोल्हापूरला गेलो. आधी कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला, पडदा बघितला. नंतर ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडं पाठवलं. त्यांच्या भिंतीवर पदवी होती आणि अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही होता. तुम्ही कुठंही जा, आधी हे दोन कागद बघा. एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. मधे बराच वेळ खोलीत नुसती शांतता होती. मला वाटलं मशीन बंद पडलं. नंतर कळलं की आवाज येत होते, माझ्यापर्यंतच पोचत नव्हते.

मग त्यांनी आलेख दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडं जाडे आवाज, उजवीकडं बारीक. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. माझी रेघ सुरुवातीला बरी चालली होती आणि 4000 हर्ट्‌झपाशी म्हणजे बारीक आवाजांच्या जागी खड्ड्यात गेल्यासारखी खाली गेली होती, 65 डेसिबलपर्यंत. मॅडमनी आलेख बघून आधी एवढंच विचारलं, "काकू, घरी माग आहेत का?" मी काहीच सांगितलं नव्हतं. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या कानात खड्डा नेमका तिथंच पडतो, म्हणाल्या.

पुढं त्यांनी जे समजावलं त्यानं माझी अनेक वर्षांची कोडी सुटली. बोलण्यातले अ, आ, ओ हे जाडे आवाज मला नीट येतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. स, श, त, थ, फ, ख हे बारीक आवाज त्या खड्ड्यात पडतात, म्हणून काय बोलतंय ते कळत नाही. खाट, ताट, पाट मला सारखंच. बाजारात वीस म्हटलं की तीस ऐकायची आणि पैसे देऊन यायची. "ऐकू येतं पण कळत नाही" हे वाक्य मी किती जणांना सांगितलं होतं आणि किती जणांनी माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं होतं. ते वाक्य बरोबर होतं. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, एका कानात साधारण 15 हजार. माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मशीन उरलेल्या पेशींना मदत करतं, गेलेल्या परत आणत नाही. हे त्यांनी विकायच्या आधी सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मशीनचं सांगते. दोन्ही कानांना एकेक. कानामागं बसणारा चिंचोक्याएवढा भाग, त्यातून केसासारखी बारीक वायर कानात जाते, वायरच्या टोकाला छोटा स्पीकर आणि त्यावर मऊ सिलिकॉनची भोकं असलेली टोपी. तिला डोम म्हणतात. माझे जाडे आवाज शाबूत आहेत म्हणून उघडा डोम दिला. त्यानं कान कोंदत नाही, स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा येत नाही. ज्यांचं सगळंच कमी झालंय त्यांना कानात मसाला भरून, माप घेऊन, साचा करून देतात. म्हणूनच कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. माझ्या कानाला बसलं ते तुमच्या कानाला बसेलच असं नाही, आणि मी लिहिलं की लोक नाव घेऊन दुकानात जातात. जोडीचे 56,000 पडले, त्यात वर्षभराच्या तपासण्या धरल्या होत्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, त्यामुळं बिलात तो लावला तर विचारा. याच दुकानात दोन लाखांची जोडीही होती. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही मीटिंगांना जात नाही, हॉटेलात बसत नाही. घर आणि बाजार एवढ्याला हे पुरतं." चौदा महिन्यांनी सांगते, पुरतं.

पहिल्या दिवशी मशीन लावून बाहेर आले तर जिन्यात कुणीतरी माझ्या मागं येत होतं. मागं वळून बघितलं, कुणी नव्हतं. माझ्याच चपला होत्या. पुढं रिक्षात बसलो. वळताना टिक टिक टिक असा आवाज आला. मी यांना विचारलं, "हे काय वाजतंय?" हे म्हणाले, "इंडिकेटर." रिक्षाचा इंडिकेटर वाजतो हे मी विसरून गेले होते. एसटीत शेजारच्या बाईनं पिशवीतून चुरमुऱ्याचा पुडा काढला, तो कागद एवढा मोठ्यानं चुरचुरला की मी दचकले. घरापर्यंतच्या तासाभरात डोकं दुखायला लागलं.

हे नीट वाचा, कारण इथंच लोक मशीन काढून कपाटात टाकतात. पहिले पंधरा दिवस त्रासाचे आहेत. स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं की सुरी लागल्यासारखं वाटतं. प्लॅस्टिकची पिशवी, फोडणी, नळाखालची भांडी, सगळं अंगावर येतं. इतकी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेले नाहीत त्यातला कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे मेंदू विसरलेला असतो. त्याला पुन्हा शिकावं लागतं. म्हणून सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवतात आणि दर भेटीला थोडा वाढवतात. मी पहिल्या आठवड्यात पाहुणे आले तरच घालायची. दुसऱ्या भेटीला मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाल्या, "काकू, दिवसाला तीनच तास?" मशीन स्वतः तास मोजतं, हे मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलणार होते, ते तोंडातच राहिलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरात एकट्या असताना घाला. माणसांसाठी नाही, आवाजांसाठी घाला." यातलं दुसरं वाक्य मी घरी वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून उठल्याबरोबर घालायला लागले.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी पहाटे उठून नळापाशी बसावं लागतं, कारण वेळ ठरलेली नसते. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, सूऽऽ असा बारीक आवाज होतो. बाकीच्या बायका तो ऐकून आतून धावत येतात. मी कधी ऐकलाच नाही, म्हणून नळासमोर पाट टाकून बसायची, वीस वर्षं. त्या पहाटे पावणेसहाला मशीन घालून चहा टाकला होता. गॅस पेटवल्यावर ज्योतीचा सुद्धा आवाज असतो, मऊ, फडफडल्यासारखा. तो ऐकत उभी होते आणि मोरीतून सूऽऽ आलं. मी स्वयंपाकघरातून नळाचा आवाज ऐकला! कळशी घेऊन गेले, नळाखाली लावली. कळशी भरत आली की पाण्याचा आवाज चढत जातो, जाड्याचा बारीक होत जातो. हे मला लहानपणी माहीत होतं. आईच्या घरी आम्ही डोळे मिटून कळशी भरायचो.

आणि त्या पाण्याच्या आवाजामागून मला दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं शेजारचा रेडिओ. देवघराच्या दिशेनं वळले तर हे देवापुढं बसून अभंग म्हणत होते. हळू, पुटपुटल्यासारखे, पण चालीवर.

तुम्हाला सांगते, मला श्वास घेता येईना. आमच्या आत्या म्हणजे माझ्या सासूबाई गेल्या 2011 ला. त्या दोघांची ही पहाटेची रीत होती, त्या म्हणायच्या आणि हे मागून धरायचे. त्या गेल्यावर काही दिवसांनी यांचं म्हणणं बंद झालं असं मी समजून चालले होते. दुःखानं सोडलं असेल, म्हणून मी कधी विषयही काढला नाही. तेरा वर्षं मी या माणसाच्या मनातलं काहीतरी तुटलंय असं समजून वागत होते. कळशी भरून वाहायला लागली, पाणी पायावर आलं. मी तिथूनच विचारलं, "अहो, तुम्ही अजून म्हणता?"

"रोज म्हणतो की," हे म्हणाले. "तुला काय वाटलं?"

मी काही उत्तर दिलं नाही. दुसरी कळशी लावली.

असं पुढं बरेच दिवस होत राहिलं, लहान लहान गोष्टींचं. मोहरी तडतडते ते मी डोळ्यानं बघून ओळखायची, आता पाठमोरी असले तरी कळतं. भाकरी थापताना पिठाचा परातीवर येणारा तो थप-थप आवाज, मध्येच बांगड्यांचा. रात्री भिंतीवरची पाल चुकचुकली तेव्हा मी दोन बोटं जमिनीवर टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हटलं आणि मग एकदम लक्षात आलं की हे करून मला कित्येक वर्षं झाली. सून म्हणाली, "आत्या, पाल तर रोज ओरडते." नातू दुसरीत आहे, तो गृहपाठ करताना पेन्सिल वहीवर फिरते, ते मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं. मागाच्या शेडमध्ये वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. त्या शांततेत पूर्वी माझ्या कानात फक्त भुंग्यासारखी गुणगुण असायची. आता तिथं पत्र्याखाली राहणाऱ्या चिमण्या ऐकू येतात. त्या माग चालू असतानाही ओरडत असणार.

आणि वळीव. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी आभाळ आलं. पत्र्यावर पाऊस आपटला की तो मला ऐकू यायचाच, तो कुणालाही येईल. पण त्या दिवशी पाऊस यायच्या आधीचा पहिला थेंब ऐकला. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग लांब कुठंतरी दुसरा. मी वाळत घातलेल्या कुरडया काढायच्या सोडून अंगणात उभी राहिले. तिसरा, चौथा, आणि मग मोजता येईनात. कुरडया थोड्या भिजल्या. सुनेनं काही म्हटलं नाही, ती पण येऊन शेजारी उभी राहिली.

आता उणं काय ते सांगते, कारण फक्त चांगलं लिहिलं तर ती जाहिरात होईल.

गर्दीत मशीन कमी पडतं. मंगल कार्यालयात बँड लागला की मी आवाज कमी करते, तरी शेजारच्या बाईचं अर्धंच कळतं. दोन माणसं एकदम बोलली की मला एकाचंही कळत नाही. याला उपाय म्हणजे भिंतीकडं पाठ करून बसायचं आणि बोलणारा समोर घ्यायचा. गाडीवर मागं बसलं की वाऱ्याचा घोंगाट होतो. चष्म्याची काडी आणि मशीन दोन्ही कानामागं, त्यामुळं चष्मा काढताना मशीन लोंबतं. मास्कच्या नाडीनं तर एकदा ते उडून रस्त्यावर पडलं. सापडलं, पण जीव गेला होता. कुणाला कवटाळलं किंवा उशीला कान टेकला की शिट्टी वाजते. फोन कानाला लावायचा नाही, थोडा वर, मशीनच्या माइकपाशी धरायचा. हे जमायला मला महिना लागला.

सगळ्यात मोठा शत्रू घाम आणि ओल. गेल्या जुलैमध्ये उजवीकडचं मशीन मुकं झालं. टोकाला मळ अडवणारी बारीक जाळी असते, ती बदलून बघितली, तरी नाही. कंपनीकडं पाठवलं, तीन दिवसांत देतो म्हणाले आणि परत यायला एकोणीस दिवस लागले. मधे दोनदा फोन केला तर प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी तारीख. ज्यांना एकाच कानाला मशीन आहे त्यांनी असे एकोणीस दिवस काय करायचं? घेतानाच विचारा की दुरुस्तीच्या काळात बदली मशीन मिळतं का. मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून रोजची पद्धत ठरवून घेतली आहे. केसाला तेल, तोंडाला पावडर, अंघोळ हे सगळं आधी, मग मशीन. रात्री काढलं की सुक्या मऊ फडक्यानं पुसायचं, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं आणि सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. सिलिका जेल म्हणजे ओल शोषणारे खडे. त्यांचा रंग बदलला की ते बदलायचे किंवा सांगितल्याप्रमाणे वाळवायचे. पाणी लावायचं नाही. डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, आणि बॅटऱ्या तर मुळीच नाही. पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

बॅटरी माझी 312 नंबरची, तपकिरी स्टिकरची. स्टिकर काढला की आत हवा जाते आणि बॅटरी चालू होते, म्हणून काढल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच ठेवायची, मग घालायची. पुन्हा स्टिकर लावून ती वाचत नाही, मी करून बघितलंय. एक साधारण सहा दिवस जाते. सहाचा पत्ता 200 ला मिळतो, म्हणजे दोन्ही कानांचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. चार्जिंगची मशिनंही येतात. ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी तीच घ्यावीत, ही बॅटरी डाळीच्या दाण्यासारखी असते. मला मात्र रात्री चार्जिंगला लावायचं विसरले तर दुसरा दिवस गेला, ही भीती नको होती. पर्समध्ये पत्ता असला की निश्चिंत.

पैशाचं ओझं ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी: साठीच्या पुढच्या गरीब माणसांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळतं. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राचीच एडिप योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, अशा वस्तूंसाठी एकदा 3,000 रुपये खात्यावर येतात. त्यात चांगलं मशीन येणार नाही, पण तपासणी आणि बॅटऱ्या निघतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींना शिबिरातून मिळालेलं मशीन साधं आहे, पण नंतर त्या मॅडमकडं जाऊन ते आपल्या आलेखाप्रमाणं बसवून आल्या आणि आता घालतात. दुसऱ्या एकाचं महागडं मशीन कपाटात आहे, कारण विकल्यावर कुणी नीट बसवून दिलंच नाही. मी तर म्हणेन, किमतीच्या आधी बसवणारा माणूस शोधा.

एक गोष्ट शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी. मशीन घालून मागापाशी जायचं नाही. ते कानाचं संरक्षण करत नाही. मी शेडमध्ये जाताना मशीन काढते आणि फोमचे बोळे घालते. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. बोटात वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर उपयोग नाही. मुलाला ही सवय लावायला मला सहा महिने लागले. तो म्हणायचा, "मागाचा आवाज बदलला तर कळणार कसं, धोटा अडकला तर?" एक दिवस घालून काम केलं आणि आपणहून सांगितलं की मागाचा आवाज बोळ्यातूनही कळतो, फक्त डोकं दुखत नाही. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला मात्र अजून पटलेलं नाही. त्याच्या खिशात मी रोज एक जोडी टाकते.

आता राहिले आमचे हे. त्याच शेडमध्ये त्यांनी माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त काढली आहेत. इतके दिवस दोघंही एकमेकांशी मोठ्यानं बोलायचो, म्हणून कळलं नाही. आता मी हळू बोलते आणि मला कळतं की ते "आँ?" म्हणतात. काल जेवताना तीन वेळा म्हणाले. ताट वाढताना मी मुद्दाम मागं उभी राहून विचारलं, "भात घालू का?" त्यांनी वळूनही बघितलं नाही.

मी मॅडमना फोन केला. येत्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. आठच्या एसटीनं दोघंही निघणार.